चिठ्ठीवरची कांदिवली

चारकोपच्या आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशांच्या रांगेपुढे, गेली अनेक वर्षे एक दगड बसून आहे. हाताच्या पंजाएवढा. खालची बाजू काळ्या पाषाणाची, आणि त्यावर बोटांसारखे फिकट हिरवे कांब एकमेकांना टेकून उभे. कैरीच्या गराचा असतो तसा तो हिरवा. दोन-तीन कांबांची टोके तुटलेली आहेत आणि तिथून पाहिले तर आत काहीच नाही, नुसती पोकळी. पाहुणे विचारतात, आम्ही 'कांदिवलीचा दगड' असे सांगतो, आणि विषय संपतो.

तो आमच्याकडे आला त्याची हकिगत लहानशी आहे. १९८५ साली जागतिक बँकेच्या साह्याने सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोपला भूखंड आखले गेले, रस्ते व नळ आधी आले आणि घरे ज्याची त्याने मागाहून बांधली. त्या पहिल्या रहिवाशांपैकी एक वृद्ध गृहस्थ आमच्या सेक्टरमध्ये राहत. उमेदीच्या काळात ते एका दगडखाणीवर गाड्यांची नोंद ठेवण्याचे काम करीत. गावी कायमचे जाताना घर आवरले, तेव्हा त्यांनी हा दगड वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिला. "घ्या सर, खडीत गेला असता," एवढेच म्हणाले. आम्हीही आभार मानले आणि चहा केला. कोणती खाण, कोणते वर्ष, कोणाच्या घणाखाली तो निघाला, यांतले काहीही विचारले नाही. पुढे ते गावीच वारले.

मध्यंतरी खनिजांचा संग्रह करणारे एक स्नेही घरी आले. त्यांनी दगड उचलून खिडकीशी नेला, बराच वेळ फिरवून पाहिला, आणि विचारले, "याची चिठ्ठी कुठे आहे?" चिठ्ठी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. पान निखळलेले हस्तलिखित हाती आल्यावर आमचा उतरेल तसाच. त्या दिवसापासून या चिठ्ठीचा विचार मनातून जात नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी आजवर ज्याकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहिलेले नाही, असा हा एक गद्यप्रकार आहे असे आम्हांला वाटू लागले आहे.

संग्राहकाची चिठ्ठी चार ओळींची असते. पहिल्या ओळीत खनिजाचे नाव, दुसरीत सापडल्याचे ठिकाण, मग मोजमाप, मग तो कोणाच्या संग्रहातून आला ते. विक्रीच्या यादीत याच चार ओळींचा परिच्छेद होतो. नमुना एका इंचाच्या ठोकळ्यात मावत असेल तर तो 'थंबनेल', दोन इंचांत मावला तर 'मिनिएचर', त्याहून मोठा तर 'कॅबिनेट'. म्हणजे नखापासून कपाटापर्यंतची ही मापे. त्यानंतर स्फटिकांची ठेवण, चमक, पारदर्शकता, रंग, बूड कोणत्या खडकाचे, सोबत कोणती खनिजे. आणि सर्वांत शेवटी, पण खरी कसोटी तिथेच, दोष. स्फटिक वाढताना शेजारच्या स्फटिकाला टेकला आणि तेवढी बाजू घडायची राहिली, तर तो निसर्गाचा दोष. घणाचा किंवा पहारेचा धक्का लागून टोक गेले, तर तो माणसाचा. प्रामाणिक लेखक हे दोन वेगळे सांगतो, आणि तुटका स्फटिक चिकटवलेला असेल तर तेही लपवत नाही. विशेषणांचा सोस असलेल्या आमच्या समीक्षकांनी अशी एखादी यादी अधूनमधून वाचावी, असे सुचवण्याचा मोह होतो. असो.

आमच्या दगडाची पहिली ओळ स्नेह्यांनी जागच्या जागी सांगितली. वरचे हिरवे खनिज प्रेहनाइट. पण बोटांचा आकार त्याचा स्वतःचा नव्हे. तो लोमोंटाइट नावाच्या दुसऱ्या खनिजाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हारस थिजले तेव्हा त्यांत वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून खनिजद्रव्यांनी भरलेले गरम पाणी फिरले आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक धरू लागले. पुणे-नाशिकच्या बाजूला स्टिल्बाइट आणि अॅपोफिलाइट यांचे राज्य आहे. मुंबईच्या खडकांत फिरलेले पाणी काही ठिकाणी अधिक तापलेले होते, म्हणून इथे प्रेहनाइट व लोमोंटाइट भेटतात. लोमोंटाइट फार नाजूक. कोरड्या हवेत त्यातले पाणी उडते आणि स्फटिकाचा भुगा होतो. आमच्या दगडात आधी लोमोंटाइटचे लांब स्फटिक उभे राहिले, त्यांवर प्रेहनाइटची साल चढली, आणि नंतर आतला लोमोंटाइट विरघळून गेला. तुटक्या टोकांतून दिसणारी ती पोकळी म्हणजे त्याची रिकामी जागा.

नावांकडे आता जरा पाहू. कांदिवली-मालाडच्या खाणींतून जी खनिजे जगभरच्या संग्रहालयांत गेली त्यांत प्रेहनाइट आहे; ते नाव हेंड्रिक फॉन प्रेहन या आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला नेमलेल्या डच सेनाधिकाऱ्यावरून पडले, आणि माणसाच्या नावावरून खनिजाचे नाव ठेवण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांत त्याची गणना होते. लोमोंटाइटमध्ये जिले द लोमों हा फ्रेंच खाण-निरीक्षक आहे. काळ्या चकचकीत बॅबिंग्टोनाइटमध्ये विल्यम बॅबिंग्टन हा लंडनचा वैद्य, सावरीच्या कापसाच्या गोळ्यासारख्या ओकेनाइटमध्ये लोरेन्झ ओकेन हा जर्मन निसर्गतत्त्वज्ञ, आणि १९७१ साली नाव मिळालेल्या जुलगोल्डाइटमध्ये ज्युलियन गोल्डस्मिथ हा अमेरिकन शास्त्रज्ञ. ह्यूलँडाइटमध्ये तर लंडनचा एक खनिजविक्रेताच आहे : हेन्री ह्यूलँड. एच. जे. ब्रुक याने १८२२ मध्ये हे नाव ठेवून एका दुकानदाराला अमर केले. कांदिवलीच्या दगडातल्या वीतभर पोकळीत ही सगळी मंडळी दाटीवाटीने बसली आहेत.

यावर कोणी वसाहतवादाचा निबंध लिहील, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण आमचे मत विचाराल तर नावांची फारशी खंत करू नये. खनिजाचे नाव पहिल्या शोधाबरोबर पडते आणि मग ते जगभर तेच राहते. शिवाय काही नावे आपल्या डोळ्यांना लगेच पटतात. स्टिल्बाइटचे स्फटिक मध्ये आवळलेल्या पेंढीसारखे दिसतात, म्हणून त्याला जुन्या ग्रंथांत 'डेस्माइन' असेही नाव होते, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ पेंढी हाच आहे. झिओलाइट म्हणजे 'उकळणारा दगड'; तापवल्यावर तो उकळल्यासारखा फसफसतो, हे १७५६ मध्ये क्रोन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने पाहिले होते. खंत करायची असेल तर ती दुसऱ्या ओळीची, ठिकाणाच्या ओळीची करावी.

संग्राहकांच्या जगात ठिकाणावाचून स्फटिक म्हणजे नुसती शोभेची वस्तू. नाव प्रयोगशाळेत पुन्हा ठरवता येते, मोजमाप कधीही घेता येते. ठिकाण मात्र एकदा हरवले की दगडाला विचारून सहसा कळत नाही. म्हणून जाणते संग्राहक जुनी चिठ्ठी कधी फेकत नाहीत. नवी लिहितात आणि जुनी तिच्याखाली ठेवतात. पोथीच्या शेवटी पुष्पिकेत लेखक, शक आणि गाव येते, आणि त्यावरून अभ्यासक पोथीची परंपरा लावतो, तसेच हे. 'बॉम्बे' लिहिलेली चिठ्ठी बहुधा १९९५ पूर्वीची. 'अॅपोफिलाइट'च्या जागी 'फ्लुओरअॅपोफिलाइट-(के)' दिसले तर ती २००८ नंतरची, कारण त्या वर्षी आंतरराष्ट्रीय संस्थेने या नावाची रचना बदलली.

आता गंमत अशी, की आपल्याकडच्या दगडांच्या बाबतीत ही दुसरी ओळ फार जुन्या काळापासून एका विशिष्ट रीतीने चुकत आली आहे. रत्नांचे वर्णन करण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी. बुद्धभट्टाची 'रत्नपरीक्षा', वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तली रत्नप्रकरणे, सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'तला तो भाग या साऱ्यांत रत्नाची खाण (तिला ते 'आकर' म्हणतात), रंग, गुण, दोष आणि मोल यांचा विचार आहे. संग्राहकाच्या यादीचीच ही चौकट, फक्त शुभाशुभाची फळे जोडलेली. सहाव्या शतकातला वराहमिहिर हिऱ्यांची ठिकाणे सांगताना काळा हिरा सौर्पारकाचा असे नोंदवतो. सौर्पारक म्हणजे शूर्पारक, आपले सोपारे. कांदिवलीहून विरारच्या गाडीत बसले की नालासोपाऱ्याला जे उतरतात तेच. सोपाऱ्याच्या अग्निजन्य काळ्या पाषाणात हिऱ्याची खाण असण्याचा संभव नाही. सोपारे हे बंदर होते, आणि हिरा तिथे विकला जात असला पाहिजे. वर्णनकर्त्याने आकराच्या जागी पेठ लिहिली.

हीच गोष्ट एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या वाट्याला आली. कर्नल सायक्स यांचा दख्खनच्या भूरचनेवरचा लेख १८३६ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या ग्रंथमालेत आला. त्याच सुमारास इथले झिओलाइट इंग्लंडला पोचू लागले होते. ब्रुकने १८३१ मध्ये त्यांतल्या एका सुईदार नमुन्याला 'पूनालाइट' असे नावच देऊन टाकले. पुण्याचे भाग्य मात्र टिकले नाही. ते झिओलाइट गटातल्या आधीच नाव मिळालेल्या एका खनिजाचा नमुना निघाले, आणि पूनालाइट आता जुन्या ग्रंथांच्या सूचीत तेवढे उरले आहे. पुढे १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून लोहमार्ग चढवताना पंचवीस बोगदे खणले गेले आणि त्या सुरुंगांनी मोठमोठ्या पोकळ्या उघडल्या. तिथले अॅपोफिलाइट आणि स्टिल्बाइट युरोपच्या संग्रहालयांत गेले. पण अनेक चिठ्ठ्यांवर पुन्हा 'पूना', नाहीतर 'बॉम्बे'. माल जिथून बोटीवर किंवा गाडीवर चढला ते गाव.

विसाव्या शतकात व्यापार वाढला आणि चुकीत हेतूही मिसळला. चांगली पोकळी कोणत्या खाणीत लागली हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये, म्हणून व्यापारी जवळच्या शहराचे नाव लावून मोकळे होत. 'पूना', 'नासिक', 'जळगाव' ही नावे गावांची राहिली नाहीत, तालुकेच्या तालुके पोटात घेणारी झाली. कॅव्हनसाइटचे उदाहरण बोलके आहे. मोरपिसाच्या डोळ्यासारख्या निळ्या रंगाचे हे खनिज अमेरिकेतल्या ऑरेगनमधून १९७३ साली वर्णिले गेले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव केले; इथे निदान कोणी कर्नल नाही. १९७७ मध्ये 'मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड' या अमेरिकन नियतकालिकात भारतातल्या कॅव्हनसाइटवर टिपण आले ते 'पूना' या ठिकाणाखाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते भरपूर सापडू लागले, आणि १९९१ मध्ये त्याच नियतकालिकात रुस्तम कोठावाला यांनी वाघोलीच्या खाणीवर लेख लिहिला, तेव्हा पुणे-नगर रस्त्यावरच्या या गावाचे नाव चिठ्ठीवर पक्के झाले. आज जगातले कोणतेही मोठे खनिज-संग्रहालय वाघोलीशिवाय पुरे होत नाही. वाघोलीतल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

या पार्श्वभूमीवर 'खांदिवली क्वारी, बॉम्बे' ही ओळ अपवाद म्हणून उठून दिसते. (इंग्रजी चिठ्ठ्यांवर कांदिवलीच्या 'क'ला एक 'एच' चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही.) इथे पेठही आहे आणि खाणही. कांदिवलीच्या दगडाला मुंबई आधीपासून ओळखत होती. १९२०च्या दशकात बॅकबेच्या भरावासाठी सरकारच्या विकास खात्याने कांदिवलीच्या खाणीतून दगड नेला. त्या योजनेच्या कारभारावर वीर नरिमन तुटून पडले आणि हार्वे-नरिमन खटला उभा राहिला, हे मुंबईच्या इतिहासाच्या वाचकांना आठवेल. शेजारच्या मालाडचा पिवळसर दगड शहराच्या अनेक भव्य इमारतींत बसला आहे. म्हणजे दगड शहरात गेला, आणि त्याच्या पोकळ्यांत जे होते ते परदेशी. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले भूविज्ञानाचे प्राध्यापक सुखेस्वाला यांनी १९५८ मध्ये पोल्डरवार्ट यांच्यासह मुंबई परिसरातल्या बेसाल्टांवर, आणि १९७४ मध्ये अवासिया व गंगोपाध्याय यांच्यासह पश्चिम भारतातल्या झिओलाइटांवर लिहिले. १९७६ मध्ये रॉक करियर या अमेरिकन संग्राहक-व्यापाऱ्याने दख्खनमधून हे नमुने प्रत्यक्ष कसे काढले जातात यावर विस्ताराने लिहिले. १९९० मध्ये विल्यम वाइज आणि मोलर यांचा मुंबईच्या पोकळ्यांतल्या कॅल्शियम-लोह खनिजांवरचा लेख आला, आणि बॅबिंग्टोनाइट-जुलगोल्डाइटसाठी मुंबईचे नाव शास्त्रात पक्के झाले. तोवर उपनगर खाणींच्या कडेपर्यंत येऊन ठेपले होते. कांदिवली-मालाडच्या जुन्या खाणींपैकी बहुतेक आज बंद आहेत. काही बुजल्या आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. ज्या एका ठिकाणी चिठ्ठीने आकराचे नाव नीट लिहिले, तो आकरच आता दिसत नाही.

तरीही कांदिवलीची ती ओळ आम्हांला पुरी वाटत नाही. कारण सांगण्यासाठी थोडे पूर्वेला, कान्हेरीच्या डोंगरात जावे लागेल. तिथल्या लेण्यांतले दानलेख हे या परिसरातले दगडावरचे सर्वांत जुने लेबल म्हणता येईल. त्यांची रचनाही ठरलेली : दाता कोण, कोणत्या गावचा, काय दिले. कल्याणचा, सोपाऱ्याचा. पण तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातल्या, म्हणजे मोठ्या चैत्यगृहातल्या, यज्ञ सातकर्णीच्या काळातल्या लेखात दात्यांच्या आणि भिक्खूंच्या पाठोपाठ पाथरवटांचा उल्लेख येतो, आणि दगड घोटून गुळगुळीत करणाऱ्याचाही. दुसऱ्या शतकातल्या त्या लेखात काम करणाऱ्यांसाठी जागा होती.

संग्राहकाच्या चिठ्ठीत ती नाही. चौथ्या ओळीत मालकांची परंपरा येते : अमक्याच्या संग्रहातून तमक्याकडे. खाणीत छिन्नी चालवणारा, बहुधा वडार समाजातला माणूस, सुरुंगानंतर ढिगाऱ्यात वाकून पाहतो. काळ्या दगडात काहीतरी चमकते. तो हात आखडता घेतो आणि तेवढा तुकडा बाजूला ठेवतो. संग्रहाची पहिली निवड तीच. तो घण पडला असता तर प्रेहन आणि बॅबिंग्टन दोघेही खडीत गेले असते, आणि कोणाच्या तरी स्लॅबमध्ये, कदाचित चारकोपच्याच, पडून राहिले असते. त्याला मिळालेली रक्कम आणि यादीत छापलेली किंमत यांतल्या अंतराविषयी आम्ही इथे लिहीत नाही. तो वेगळा लेख होईल. पण चिठ्ठीत एक पाचवी ओळ असायला हरकत नव्हती.

मराठीत ही चिठ्ठी कशी लिहिली जाईल? भाषा अपुरी आहे असे म्हणण्याची सोय नाही. वाईला सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात खनिजांच्या नोंदी आहेत आणि त्यांची एक नेटकी, काटेकोर शैली आहे : स्फटिकाचा प्रकार, पाटन, भंजन, कठिनता, वि. गु., चमक, कस, रंग, रा. सं., आणि मग आढळ. 'पाटन' हा शब्द आम्हांला विशेष आवडतो. स्फटिक ठरावीक प्रतलांवर सरळ फुटतो त्या गुणाला त्याहून चांगला शब्द सुचत नाही. खाणीची आणि शिवाराची भाषा तर आधीपासून आहेच. गार, गारगोटी हे शब्द घराघरांत आहेत. सिन्नरजवळ माळेगावला उभ्या राहिलेल्या मोठ्या खनिज-संग्रहालयाने 'गारगोटी' हेच नाव घेतले आहे. उणीव शब्दांची नाही. दगड इथून बाहेर गेला तेव्हा त्याच्याबरोबर जायचा कागद मराठीत लिहिण्याची गरज कोणालाच पडली नाही, आणि जो दगड इथेच राहिला त्याला कागद लागतो हे आमच्यासारख्यांच्या ध्यानात आले नाही.

तर परवा आम्ही ती चिठ्ठी लिहायला बसलो. पहिली ओळ सोपी होती : प्रेहनाइट, लोमोंटाइटच्या आकारात, बेसाल्टावर. मोजपट्टी लावून लांबी-रुंदी लिहिली. रंग लिहिला, चमक लिहिली; दोष म्हणून तीन कांब टोकाशी तुटलेले, आणि एक आमच्याच हातून धूळ पुसताना, हेही लिहिले.

दुसऱ्या ओळीपाशी थांबलो. स्नेह्यांचे म्हणणे पडले की असे बोटांचे प्रेहनाइट म्हणजे कांदिवली-मालाडच; सरळ 'खांदिवली क्वारी' लिहा, कोणी हरकत घेणार नाही, आणि नमुन्याचे मोलही वाढेल. त्यांचे अनुमान बहुधा बरोबर असेल. पण दगडाच्या रूपावरून गाव ठरवायचे, ते मोठ्या नावाचे ठरवायचे, आणि पुढच्याने ते साक्ष म्हणून वाचायचे, हे सोपाऱ्याच्या हिऱ्याहून फारसे वेगळे नव्हे. आम्ही लिहिले : चारकोप येथे भेट मिळाला, खाण देणाऱ्याने सांगितली नाही, आम्ही विचारली नाही. त्याखाली त्या गृहस्थांचे नाव, ते खाणीवर कोणते काम करीत ते, आणि त्यांचे गाव. त्यांच्या आधी ज्याने हा तुकडा उचलून बाजूला ठेवला असेल, त्याच्यासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे. कागद घडी करून दगडाखाली ठेवला आहे. वर्तमानपत्राचा तो जुना तुकडाही, ज्यात दगड गुंडाळून आला होता, सुदैवाने कपाटाच्या तळाशी सापडला. त्यावरची तारीख फाटली आहे, पण तोही चिठ्ठीबरोबरच ठेवला आहे.